हाजराबीची कलम

"नाही काढत! मास्तर, एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता हे तिसऱ्यांदा सांगून राहिली, अन् चौथ्यांदा सांगायचीही माझी तयारी आहे, घसा माझा आहे, तुमच्या वाचनालयाचा नाही... नाव बदलत नाही अन् पान फाडत नाही!"

असं मी म्हटलं अन् मनोहरराव मास्तरांनी टेबलावर असा हात आपटला, असा आपटला, की दौत उडाली अन् शाई पडली कोणावर? माझ्यावर? छे! त्यांच्याच पांढऱ्या सदऱ्यावर, बरोब्बर पोटावर! आता सदऱ्यावर शाई पडली तं माणसानं उठून पाणी लावावं का नाही? नाही! पोटावर निळा डाग घेऊन तसेच बसले अन् मलेच विचारतात, "प्रयागबाई, आपण कोणाशी बोलतोय याची काही कल्पना आहे का तुम्हाला?"

आहे ना जी! कल्पना कशी नाही? नागपूरच्या महाल वस्तीतल्या वाचनालयाचे अध्यक्ष, शाळेचे माजी हेडमास्तर, तीस वर्षं पोट्ट्यांचे कान पिळून हाताले सवय लागलेली, आता पोट्टे नाहीत तं आमचे कान पिळून राहिले. अन् कान पिळायचं कारण काय? एक शब्द! तुम्हाले सांगते, अडुसष्ट वर्षांचं वय झालं माझं, पाण्यावरून भांडली, सुतावरून भांडली, नळावर घागरीनं घागर फोडली, पण शब्दावरून भांडायची पाळी पहिल्यांदाच आली. अन् शब्द तरी कोणता? अडीच-तीन अक्षरांचा. कलम!

म्हणे शब्द परका!

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी मधूनच सुरू झाली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारी दोन ते चार आमचा बायांचा वर्ग भरते. चौदा बाया. कोणी आमच्या विणकर कोष्ट्यांच्या घरची, सकाळभर चरख्यावर कांड्या भरून आलेली, कोणी भाजीवाली, कोणी नंदनवनातून पायी येणारी. शिकवते कोण? मी! शाळेत मी आजवर दोनदाच गेली, दोन्ही वेळा मत टाकायले. पण वाचते. सुताच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचत वाचत वाचायले शिकली, किराण्याच्या पुडीचा कागद सुटा करून वाचला, शेंगदाणे सांडले तरी चालतील पण कागद फाटू द्यायचा नाही, असं करत करत आता या वाचनालयातली तीन कपाटं संपवली. चौथ्याले कुलूप आहे. ते मास्तरांचं.

तं यंदा आम्ही हस्तलिखित काढलं. बत्तीस पानं! जयवंतानं, ती भाजीवाली, तिनं आपल्या सासऱ्याच्या घोरण्यावर दीड पान लिहिलं, इतकं छान लिहिलं की वाचताना मलेच झोप आली. लतिकेनं उमरेडच्या बसमध्ये हरवलेल्या चपलेवर लिहिलं. सगळं हातानं, शाईनं, एकेक अक्षर मोजून. नाव ठेवलं 'कलम'. अन् पहिल्या पानावर एकच ओळ, हाजराबीच्या हातची. दसऱ्याच्या दिवशी वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर सगळी हस्तलिखितं मांडतात, अख्खा महाल पाहायले येते, म्हणून गणपती विसर्जन झाल्याबरोबर मी ते मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान उघडलं. अन् तोंड असं केलं, असं... जसं ताकात माशी सापडली!

"प्रयागबाई, प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु," हे परंतु मास्तर असं म्हणतात की पुढचं ऐकायच्या आधीच माणूस अर्धा मरते, "परंतु 'कलम' हा शब्द आपला नव्हे. परका आहे. बाहेरून आलेला. 'लेखणी' ठेवा! किती सोज्वळ! आणि हे पहिलं पान अशुद्ध आहे, ना धड हिंदी, ना मराठी, हे काढून टाका. तसं केलं नाहीत तर टेबलावर जागा देता येणार नाही, आणि मागच्या खोलीचाही समितीला वेगळा विचार करावा लागेल."

वेगळा विचार! म्हणजे समजलं का? चाबी काढून घेणार! चौदा बायांची खोली, चौदा पाट्या, एक फिरणारा पंखा, तोही थांबत थांबत फिरणारा, ते सगळं गेलं, जर मी एक शब्द पुसला नाही अन् एक पान फाडलं नाही तं!

आता ते पान काय आहे ते ऐका.

मी लग्न होऊन महालात आली तेव्हा सोळा वर्षांची होती. घरात दोन माग. सासरे अन् नवरा मागावर, सासू खळ लावायले, अन् मी चरख्यावर कांड्या भरायले. कांडी म्हणजे बोरूचा वीतभर तुकडा, पोकळ, त्याच्यावर सूत गुंडाळायचं अन् ती धोट्यात बसवायची, की धोटा इकडून तिकडे धावते. बोरू तडकला की कांडी बाद, चुलीत टाकायची. मी टाकत नव्हती. लपवून ठेवत होती. काहून? मले वाटे याच्यानं लिहिता येईल. पण नुसत्या बोरूनं काही लिहिता येत नाही जी, पाहा करून! काळ्या रंगात बुडवला की भदकन थेंब पडते, अक्षराच्या ठिकाणी म्हैस बसल्यासारखी दिसते.

इतवारीत सुताच्या दुकानाच्या ओसरीवर आम्ही बाया सूत न्यायले बसत होतो. तिथं मोमिनपुऱ्याची हाजराबी यायची. तीही विणकरच, तिच्याही घरी माग, तिचेही हात सुतानं चिरलेले. तिनं माझ्या ओच्यातला तुकडा पाहिला. म्हणाली, "ये क्या छुपा के रखी है गे?" मी सांगितलं, लिहायचं आहे. हसली नाही बरं का! दुसरी कोणी असती तं फिदीफिदी हसली असती. तिनं कमरेचा चाकू काढला, बोरू अंगठ्यावर टेकवला, एक तिरपा काप, मंग मधोमध चीर, अन् टोकाले आडवा एक टिचका... टक्! असा आवाज आला. अजूनही कानात आहे. अन् माझ्या हातात देऊन म्हणाली, "ले. अब ये लकड़ी नहीं रही. कलम हो गई."

मी म्हटलं, बाई, तुले लिहिता येते का?

"नहीं गे. अब्बा कातिब थे मेरे." म्हणजे लग्नाच्या पत्रिका, दुकानाच्या पाट्या, सगळं सुंदर अक्षरात लिहून देणारे. "रोज उनकी बीस-बीस कलम मैं काटती थी. पर कागज को हाथ लगाने नहीं दिया कभी. मेरेकू काटना आता, चलाना नहीं आता."

ऐकलं का? रोज वीस कलमा कापायच्या अन् एकीनंही एक रेघ ओढायची नाही! अन् माझ्यापाशी ओढायची हौस दांडगी, पण कापायची अक्कल नाही. मंग जमलं ना आमचं! ती कापायची, मी लिहायची. तो शब्द मी कोण्या पुस्तकातून नाही घेतला. तो मले बोरूसंगट हातात मिळाला, सुताच्या गठ्ठ्यावर बसल्या बसल्या.

म्हणे शब्द परका!

लिहायले आलं अन् मी पहिला पराक्रम काय केला? आमच्यात लुगडं विणून झालं की टोकाले घराची खूण करायची रीत होती. आमच्या घराची खूण काळ्या रंगाचे तीन ठिपके. ठिपके पाहिले की व्यापाऱ्याले समजे कोणाच्या मागावरचं आहे. ठिपके द्यायचं काम माझं. एक दिवस रेशीमकाठी नऊवारी मागावरून उतरली, अशी सुंदर, अशी सुंदर की काय सांगू, अन् माझ्या हातात ती नवी कलम... मी तीन ठिपके दिलेच नाहीत. त्या जागी तीन अक्षरं लिहिली. प्र-या-ग! वाटलं, विणणाऱ्याचं नाव सगळ्यांले माहीत, कांड्या कोण भरते तेही समजू द्या जगाले!

व्यापाऱ्यानं लुगडं परत केलं. म्हणे, "या नावाचा माग मले माहीत नाही." सासू उंबऱ्यात उभी राहिली अन् अख्ख्या गल्लीले ऐकू जाईल असं ओरडली, "नाव लिवलं ना वं सटवे? मंग नेस आता तूच! दुसरं कोण नेसते तुह्या नावाचं?" नेसली ना मी! कोष्ट्याच्या घरी जन्मभर रेशीमकाठ विणायचे अन् सुनांनी जाडंभरडं नेसायचं, असा तो जमाना. महालात घरच्या मागावरचं रेशीमकाठी लुगडं नेसणारी पहिली सून कोण? मी! शिक्षा म्हणून! ते लुगडं अजून आहे माझ्यापाशी. दसऱ्याले टेबलावर हस्तलिखिताखाली अंथरायले म्हणून घडी करून पिशवीत आणलंही होतं.

अन् ते पहिलं पान? म्हातारपणी मी हाजराबीले म्हटलं, जन्मभर कापल्यास, आता एकदा चालव. उर्दू काही मले येत नव्हतं, मंग मराठी शाळेचीच अक्षरं शिकवली. साठीच्या वर वय, डोळ्यात मोतीबिंदू, बोटं सुतानं वाकडी झालेली. दोन महिने लागले एका ओळीले. लिहिलं, 'ये कलम हाजरा ने काटी.' ह असा उताणा पडलेला, ज चं पोट पुढं आलेलं. लिहून झाल्यावर तिनं कागद नाकाशी धरला अन् वास घेतला. वाचला नाही जी, वास घेतला! म्हणाली, "अब्बा के कागज की बास आती." गेल्या हिवाळ्यात ती गेली. मागं उरलेलं तिच्या हातचं लिखाण एवढंच. एक ओळ. अन् मास्तर म्हणतात अशुद्ध आहे, फाडा!

मले असा राग आला, असा राग आला! म्हटलं, परका आहे ना? पाहू तरी किती परका आहे, राहते कुठं, येते कुठून! तीन आठवडे होते दसऱ्याले. निघाली.

पहिले वाचनालयातला मोठा शब्दकोश. तो घरी देत नाहीत, म्हणून उभ्या उभ्या वाचायचा. त्यात शब्दापुढं कंस असते, कंसात 'फा.' नाहीतर 'अ.' लिहिलेलं. पहिले दोन दिवस मले वाटलं, फा. म्हणजे फालतू! मंग समजलं, फारशी. अन् अ. म्हणजे अरबी. कलमेपुढं अ. होता. मी म्हटलं ठीक आहे, अरबस्तानातून आली. पण म्हणून सोडते का मी? कोश हातात आलाच आहे तं बाकीचेही शब्द पाहून घेतले. काहून पाहिले ते पुढं समजेल!

मंग इतवारीत गेली, त्याच सुताच्या दुकानात. दुकान आता बाबूलालशेठचं. त्याची बहीण सविताबेन दोन वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली, तिथून सगळ्या गुजरात्यांना काढून दिलं ना, तेव्हा. भरलं घर टाकून दोन पेट्या घेऊन आली बिचारी. मी सहज तिले आपलं दुखणं सांगितलं तं ती ताडकन उठून बसली! "कलम? अरे बा, हमारे गुजराती में कलम. और उधर आफ्रिका में छोकरा लोग इस्कूल जाता, तो क्या बोलता? कलामु! मेरा कलामु किधर गया, मेरा कलामु किसने लिया!" अन् असं म्हणता म्हणता तिच्या डोळ्यात पाणी. तिथं तिचं शाळेपाशी वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. आता पाहा, बाईले हाकलता आलं. शब्दाले कोणी हाकललं का? बसला आहे तिथं आरामात, पोट्ट्यांच्या दप्तरात!

मंग मले नादच लागला. कोणी तरी सांगितलं सदरमध्ये एक म्हातारे पाद्री आहेत, जुन्या जुन्या भाषा जाणतात. सायकलरिक्षा केली, गेली. पाद्रीबुवांची मराठी म्हणजे अशी की मले वाटलं पोथीच बोलून राहिली. "आजीबाई, आपण आसनस्थ व्हावे." मी आसनस्थ झाली. त्यांनी जाड जाड पुस्तकं काढली. म्हणाले, अरबांच्या आधी हा शब्द यवनांकडे होता, ग्रीक लोकांकडे, कालामोस. तिथून रोमवाल्यांकडे गेला, अरबांकडे गेला, इराणात गेला, तुर्कांकडे गेला, आफ्रिकेच्या किनाऱ्याले गेला, अन् तुमच्या नागपूरले आला. मी म्हटलं, बुवा, एवढं सगळं जग हिंडली ही बया, पण त्या ग्रीक भाषेत याचा अर्थ तरी काय?

"बोरू," ते म्हणाले. "नदीकाठी उगवणारा साधा बोरू, आजीबाई."

मी तिथंच डोक्याले हात लावला! बोरू! अहो, माझ्या चरख्यावरची कांडी! हजारो वर्षं, दहा मुलूख, सातासमुद्रापार हिंडून शेवटी निघाली काय, तं आमच्या चुलीत टाकायची काडी! अन् जाता जाता पाद्रीबुवांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी पदराले गाठ मारून ठेवली, वेळ आल्यावर सांगते. आणखी विचारलं, बुवा, पेन म्हणजे काय? तं म्हणाले, पेन म्हणजे पीस. पक्ष्याचं. अन् पेन्सिल? पेन्सिल म्हणजे लहानशी शेपटी! खरंच सांगते, रिक्षात बसल्या बसल्या मी एकटीच अशी हसली की रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

म्हणे शब्द परका!

तं आता आलो आपण दसऱ्याच्या आदल्या दिवसावर. टेबलावर हात आपटून झाला, शाई सांडून झाली, मास्तर पोटावर डाग घेऊन बसले, दारात माझ्या चौदा बाया, अन् टेबलाच्या मधोमध खोलीची चाबी. मास्तर म्हणाले, "प्रयागबाई, परकं ते परकं. घरात परकं माणूस आपण ठेवतो का?"

मी म्हटलं, हाव जी, बरोबर आहे. मंग चला, सगळेच परके हाकलू, मीही हात लावते! पहिले त्या खुर्चीवरून उठा. खुर्ची अरबी आहे. टेबलावरचा हात काढा, टेबल साहेबाचं. तो चष्मा इकडं द्या, फारशी आहे. कागद फारशी, शाई फारशी, दौत अरबी, तीच आत्ता तुमच्या पोटावर ओतली. खिशाले लावलं ते काय आहे? पेन? म्हणजे कोंबडीचं पीस लावून फिरता तुम्ही! अन् तो खिसाही बाहेरचाच. कानामागं पेन्सिल? मास्तर, ती शेपटी आहे, शेपटी! कानामागं शेपटी बरी दिसत नाही, काढा. हा सदरा... आता सदरा अरबी निघाला त्याले मी काय करू? उतरवा! कुलूप अरबी, चाबी पोर्तुगीज, ती आम्हाले द्या. धोतर तेवढं आपलं निघालं म्हणून तुमची अब्रू वाचली जी... थांबा, थांबा, अब्रूही फारशीच आहे!

बाया अशा हसल्या, अशा हसल्या! लतिका तं उंबऱ्यावरच बसली पोट धरून. अन् मास्तर? लाल झाले, निळे तं आधीच होते. मले वाटलं आता चाबी उचलून खिशात... म्हणजे त्या परक्या जागी टाकतात. पण नाही! मास्तर उठले, आपल्या कपाटाचं कुलूप उघडलं, एक जुना संस्कृत कोश काढला, धूळ झटकली, त्या धुळीनं सगळ्यांले शिंका, अन् पान उलटता उलटता त्यांचा चेहरा असा उजळला जसा काही हरवलेला पोरगा सापडला!

"प्रयागबाई! अहो, हे पाहा! कलमः! लिहिण्याचा बोरू! अहो, शब्द आपला आहे! संस्कृत आहे! आपल्याच घरचा!"

तीन आठवडे परका, अन् स्वतःचं कपाट उघडून पाहिलं तं घरचा! अन् तुम्हाले सांगते, मले हे माहीत होतं. पदराची गाठ म्हटलं ना, ती हीच. पाद्रीबुवा म्हणाले होते, तुमच्या संस्कृतातही आहे, कोणाकडून कोणाकडे गेला यावर पंडित लोक अजून भांडून राहिले. मी मुद्दामच बोलली नव्हती. घरचा निघाला म्हणून आत घ्या, असं मले म्हणायचंच नव्हतं ना!

पण मास्तर तं एकदम मवाळ. आवाजात साखर. म्हणाले, "झालं, वाद मिटला. 'कलम' नाव राहू द्या. मुखपृष्ठावर खाली बारीक अक्षरात लिहा, 'मूळ संस्कृत'. आणि आता शब्द आपलाच ठरला म्हटल्यावर त्या पहिल्या पानाचं काही प्रयोजन उरत नाही. ते तेवढं काढा. ही घ्या चाबी." अन् चाबी टेबलावरून माझ्याकडं सरकवली.

आता खरं सांगते. मी चाबीकडं पाहिलं. पाहिलं मी, खोटं काहून बोलू? पितळेची, घासून गुळगुळीत झालेली. जयवंता मागून येऊन माझा पदर ओढू लागली. "आजी, घ्या ना जी. नाव राह्यलं ना आपलं. एका पानानं काय होते? हाजराबी तं आता नाही पाहायले... खोली गेली तं मी कुठं शिकू जी? घरी सासरा पाटी पाहिली की हिसकते." बरोबरच होतं तिचं. चौदा जणींचं दुपारचं छप्पर एकीकडं, अन् एकीकडं एका मेलेल्या बाईची एक वाकडी ओळ.  

मंग मी हस्तलिखित उघडलं. तो उताणा ह पाहिला. म्हटलं, मास्तर, शब्द तुमच्या कपाटात असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या कपाटाले कुलूप होतं. तीन आठवडे तुम्हालेच माहीत नव्हतं आत काय आहे ते! हाजराबीच्या कमरेच्या चाकूले कुलूप नव्हतं जी. तिनं विचारलं नाही मी कोणत्या घरची, कोणत्या कंसातली. कापून हातात दिली. तुम्ही म्हणता शब्द राहू दे, देणारीले काढा. मंग त्या शब्दाचं मी करू काय? लोणचं घालू?

चाबी तिथंच राहू दिली. हस्तलिखित उचललं, पिशवी उचलली अन् बाहेर निघाली. मागं पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती, खरं तं. बाया येतील का नाही, मले काय माहीत? बाहेर वाचनालयाच्या तीन रुंद पायऱ्या आहेत, थेट गल्लीत उतरतात. मधल्या पायरीवर मी ते लुगडं अंथरलं. अट्ठेचाळीस वर्षांचं, काठ अजून चमकते. प्रयाग लिहिलेलं टोक वर घेतलं, त्याच्यावर हस्तलिखित ठेवलं, पहिलं पान उघडून. अन् बसली. एकटी.

पहिली कोण आली असेल? जयवंता! नाक पुसत, पाटी काखेत. माझ्याशी बोलली नाही, रागातच होती, पण बसली. मंग लतिका. मंग एकेक करत चौदाही. गल्लीतले लोक थांबून पाहू लागले. एक सायकलवाला उतरला. मिरचीवाली टोपली घेऊन वाकली अन् अक्षर जोडत वाचू लागली, "ये... क... लम..." टेबलावर दसऱ्याले एका दिवसात जेवढे लोक आले असते, तेवढे तिथं पंधरा मिनिटात आले!

एवढ्यात मास्तर दारात. पोटावर डाग, कानामागं शेपटी तशीच, हातात ती चाबी. "प्रयागबाई! अहो, उद्या दसरा आहे! लोकांनी आत यायचं कुठून? हा काय प्रकार आहे? पायऱ्या अडवू नका!" पण बोलता बोलता नजर सारखी खाली, उघड्या पानावर. वाचायची सवय असलेल्या माणसाचं असंच असते जी, कितीही राग आला तरी उघडं पान दिसलं की डोळे खाली जातातच. एक पायरी उतरले. मंग आणखी अर्धी. एक पाय लुगड्याच्या काठापाशी, चपलेसकट.

आता काय करता? खोली गेली ती गेली, पंखाही गेला, उद्यापासून ऊन आमचं अन् धूळ आमची. मी पदर सारखा केला, थोडी सरकून त्यांच्यापुरती जागा केली, अन् म्हटलं,

"या मास्तर, बसा निवांत, पहिल्या पानापासून वाचा... चपला तेवढ्या तिकडं काढा, हे वाचनालय आहे."